साखर सोडली, पण गोडी सोडली का?



चातुर्मास जवळ आला की महिला मंडळात एक प्रश्न हमखास येतो. "मी चार महिने गोड सोडलंय. चहात स्टेव्हिया घातलं तर चालेल ना?" आणि चार जणी लगेच सांगतात, "चालेल की, ते तर झाडाचं पान आहे. साखर थोडीच आहे!" आता तर पर्वाच्या दिवसांत 'जैन शुगर-फ्री' म्हणून मिठाईचे डबे येतात, प्रभावनेत पुड्या वाटल्या जातात, आणि देणारीला वाटतं, आरोग्यही सांभाळलं आणि धर्मही.

मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्याला मधुमेह आहे त्याने डॉक्टरांना विचारून, औषधासारखं, समजून-उमजून हे वापरावं. त्यात कोणी नाक मुरडू नये. पण ज्याने गोडाचा नियम घेतला आहे त्याच्या नियमात ही पुडी बसत नाही. आणि धडधाकट माणसाला तिची गरजच नाही.

त्या पुडीत पान किती?

स्टेव्हिया हे पॅराग्वेकडचं झुडूप. तिथले ग्वारानी लोक गोडीसाठी त्याची पानं पूर्वीपासून वापरत आले. पानातले जे घटक गोड लागतात ते साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतात. आता आपण बायका हिशोबाला पक्क्या, तेव्हा हिशोब करू. चहाचा एक चमचा साखर म्हणजे साधारण 5 ग्रॅम. 250 पट गोड पदार्थ असेल तर तेवढ्या गोडीला 20 मिलिग्रॅम पुरतो. समजा पुडी एका ग्रॅमची आहे, म्हणजे 1000 मिलिग्रॅमची. त्यात पानाचा अर्क 20. मग उरलेले 980 मिलिग्रॅम काय आहे?

पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. कुठे माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी. कुठे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. आणि बऱ्याच ठिकाणी एरिथ्रिटॉल, ज्याचा क्रमांक 968. पुढे चित्र हिरव्या पानाचं, आत माल दुसराच.

हे एरिथ्रिटॉल कसं होतं? मक्याच्या किंवा गव्हाच्या स्टार्चपासून ग्लुकोज काढतात. ते पोलादी टाक्यांमध्ये यीस्टला खायला घालतात. यीस्ट ते आंबवतं आणि त्यातून एरिथ्रिटॉल तयार होतं. काम झालं की यीस्ट गाळून टाकतात, पाणी शुद्ध करून आटवतात आणि पांढरे खडे पाडतात. दिसायला हुबेहूब साखर, गोडीला साखरेच्या साठ-सत्तर टक्के, आणि कॅलरी जवळजवळ नाहीत.

पुढची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. स्टेव्हियाच्या नेहमीच्या अर्काला मागाहून थोडी कडवट चव येते. ज्या घटकाला ती येत नाही त्याला रेब-एम म्हणतात, पण तो पानात अगदी नाममात्र असतो. म्हणून कंपन्यांनी वाट काढली. काही जण पानातल्या दुसऱ्या घटकावर एन्झाइमची प्रक्रिया करून रेब-एम बनवतात. काहींनी तर पानच सोडून दिलं. यीस्टच्या जनुकांत बदल केला, त्याला साखर खाऊ घातली आणि त्याच्याकडून थेट रेब-एम करून घेतलं. कारगिल आणि डीएसएम या कंपन्यांनी 2019 मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ब्लेअर इथे असा मोठा कारखाना सुरू केला. म्हणजे स्टेव्हियाची गोडी, पण शेत नाही, झुडूप नाही, पानही नाही.

परदेशातून येणारी नणंद किंवा भाची हल्ली आणखी एक पिशवी आणते, ॲल्युलोजची. ही साखर निसर्गात अंजीर-मनुक्यांत चिमूटभर असते. जपानच्या कागावा विद्यापीठात प्राध्यापक केन इझुमोरी यांना एका जिवाणूत असं एन्झाइम सापडलं की ज्याच्या जोरावर फळसाखरेपासून अशा दुर्मीळ साखरा बनवता येतात. त्याच वाटेने आज ॲल्युलोज पोत्यांनी तयार होतं.

हे शास्त्र मोठंच आहे, त्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. माझा प्रश्न साधा आहे. हे सगळं माहीत नसताना आपण 'शुद्ध', 'जैन', 'झाडाचं' असे शिक्के कशाच्या बळावर मारतो?

अजाण फळ

आपल्या अभक्ष्यांच्या यादीत एक नाव आहे, अजाण फळ. ज्याचं नाव-गुण ठाऊक नाहीत ते फळ खाऊ नये. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. फळ वाईटच असेल असं त्यात गृहीत धरलेलं नाही, न जाणता तोंडात घालणं तेवढं वाईट मानलं आहे. आज आपल्या ओट्यावरचं अजाण फळ कुठलं असेल तर ते ही पांढरी पुडी.

पिठाची मर्यादा आपल्याला तोंडपाठ असते: पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. चौका लावायचा तर पाण्यापासून तुपापर्यंत प्रत्येक गोष्टीचा शोध घेतो. यीस्ट घातलेला पाव घरात येऊ न देणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्याच चहात एरिथ्रिटॉल विरघळत असतं. चौकशी कुठे गेली?

"अगं, पण हिरवा ठिपका आहे ना!" हिरवा ठिपका मधाच्या बाटलीवरही असतो. सरकारी व्याख्येत मांसाहारी म्हणजे प्राण्यापासून आलेलं, पण दूध आणि मध त्यातून वगळलेले आहेत. यीस्ट किंवा जिवाणू तर प्राण्यांत धरलेच जात नाहीत. कांदा-लसणाच्या चटणीलाही तोच ठिपका. तो ठिपका शाकाहाराचा आहे, जैन आहाराचा नाही. त्याच्या भरवशावर श्रावकाचार चालत नाही.

दुसरं उत्तर येतं, "शेवटी खड्यात यीस्ट उरतच नाही." खरं आहे. पण गाळलेल्या मधातही मधमाशी दिसत नाही. मध आपण का वर्ज्य मानला? तो मिळवताना काय घडतं, ते बघून. मग इथेही तोच प्रश्न विचारायला हवा.

आता कोणी म्हणेल, दहीही जिवाणूंमुळेच लागतं, ते कसं खाता? प्रश्न योग्य आहे. दह्याला आपल्याकडे काळाची मर्यादा आहे, द्विदलाचा नियम आहे, कोणासोबत खायचं आणि कोणासोबत नाही हे ठरलेलं आहे. म्हणजे पूर्वजांनी दह्याचा विचार केला आणि मग त्याला जागा दिली. टाकीतल्या या गोडीचा विचार अजून व्हायचा आहे. तो महाराजांनी, माताजींनी, जाणत्या पंडितांनी करावा. मिठाईवाल्याने परस्पर निकाल देऊ नये आणि आपण तो मान्य करू नये.

इन्सुलिन आणि काजूकतली

मी जैवतंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. उलट, अहिंसेवर त्याचे उपकार आहेत. 1921 मध्ये इन्सुलिनचा शोध लागला, आणि त्यानंतर अनेक दशकं ते डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढलं जाई. 1982 मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज घरातल्या आजी-आजोबांना सुई टोचताना कत्तलखान्याचा विचार मनात येत नाही, तो याच शास्त्रामुळे. चीज करायला वासराच्या जठरातलं रेनेट लागायचं, त्यालाही 1990 पासून टाकीत बनलेला पर्याय आला.

मग टाकीतलं इन्सुलिन चालतं आणि टाकीतली गोडी का खटकते? आपल्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे. गृहस्थाच्या हातून हिंसा पूर्ण टळत नाही, पण जिचं काही प्रयोजनच नाही ती तरी टाळावी. इन्सुलिनने जीव वाचतो, तिथे प्रयोजन आहे. मधुमेही माणसाला दिवसात एक कप गोड चहा मिळाला तर त्याचं पथ्य टिकतं, तिथेही काही प्रयोजन आहे. पण निरोगी पंचविशीतल्या मुलीने चार तुकड्यांऐवजी आठ तुकडे खाता यावेत म्हणून शुगर-फ्री काजूकतली आणायची, याला प्रयोजन कसं म्हणायचं?

रसपरित्याग म्हणजे काय सोडणं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. बारा तपांत सहा बाह्य तपं आहेत, त्यांपैकी एक रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, मीठ, गोड यांपैकी काही सोडायचं. हा नियम कर्बोदकं मोजण्यासाठी नाही. रस म्हणजे जिभेला जे खेचून नेतं ते. ती ओढ सैल व्हावी म्हणून रस सोडायचा.

आता बघा. साखर सोडली आणि तिच्या जागी 250 पट गोड पदार्थ आणला. जिभेने काय सोडलं? तिला तर कळलंही नाही. चहा तितकाच गोड, खीर तितकीच गोड, वर "माझा नियम चालू आहे" हे समाधान. मीठ सोडलेल्या बाईने सैंधव घातलेली आमटी खावी आणि म्हणावं, हे कुठे मिठागरातलं आहे, तसाच हा प्रकार. नियम शब्दाने पाळला आणि अर्थाने मोडला.

त्यापेक्षा लहान नियम घ्या. आठवड्यातून एकच दिवस गोड सोडा, पण खरोखर सोडा. कोणी चार महिने केलं म्हणून आपणही चार महिने करायचे आणि पळवाट शोधायची, यात ना तप, ना आनंद.

आणि ज्या आजारी आहेत त्यांनीही औषधाला तप म्हणू नये. डॉक्टरांनी साखर बंद केली, हे पथ्य आहे. पथ्य पाळण्यात काही कमीपणा नाही, पण ते व्रताच्या खात्यात मांडायचं नाही.

आरोग्याचं म्हणाल तर

2023 मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत भारतात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज आला. चिंता खरी आहे. पण त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशी गोडी वापरू नये, दीर्घकाळात तिचा फायदा दिसत नाही. स्टेव्हियासुद्धा त्यात आलं. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, आणि एरिथ्रिटॉलसारखे पदार्थ तिच्यात धरलेले नव्हते. पण त्याच वर्षी क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना असं दिसलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांच्यात हृदयविकाराचं आणि पक्षाघाताचं प्रमाणही जास्त होतं. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे हा पक्का पुरावा म्हणता येणार नाही. तरी डबे भरभरून वाटावेत इतका निर्धास्तपणाही नको.

शिवाय शुगर-फ्री मिठाईत साखर नसली तरी खवा, तूप, मैदा, काजू असतातच. मधुमेही सासूबाईंना "खा हो, शुगर-फ्री आहे" म्हणून तीन तुकडे वाढणं हे प्रेम असेल, पण काळजी नव्हे.

आणि हो, याच्या उलट टोकाचाही एक मेसेज फिरतो: साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात, म्हणून ती सोडा आणि आमची पुडी घ्या. हाडांचा कोळसा वापरणाऱ्या रिफायनऱ्या अमेरिकेत आहेत. आपल्याकडचे बहुतेक साखर कारखाने चुना आणि गंधकाचा धूर वापरून रस स्वच्छ करतात. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या कितीतरी घरांचा संसार उसावर चालतो, निदान आपण तरी अशा भीतीवर माल खपवू देऊ नये.

मग करायचं काय?

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. 960 म्हणजे स्टेव्हियाची गोडी, 968 एरिथ्रिटॉल, 967 झायलिटॉल, 965 माल्टिटॉल, 955 सुक्रालोज, 951 ॲस्पार्टेम. एवढे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवा.

'जैन' लिहून विकणाऱ्याला विचारा, ही गोडी कशापासून आणि कशी बनते, ते लिहून द्या. उत्तर नाही मिळालं तर माल परत. मंडळाने मिळून विचारलं तर कोणीही उत्तर देईल, कारण गिऱ्हाईक आपणच आहोत.

महाराजांच्या आहाराच्या चौक्यात आणि प्रभावनेत अशी पुडी आणू नका. प्रभावनेला खारीक, मनुका, खडीसाखर आहेत, नाहीतर एखादं पुस्तक द्या.

आणि घरात चहाची साखर दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करा. जीभ हळूहळू वळते. दोन-तीन महिन्यांनी जुना चहाच जास्त गोड लागायला लागतो. याला ना कारखाना लागतो, ना परदेशातली पिशवी. ऊनोदरीसारखंच हे, थोडं कमी घेऊन उठायचं.

यंदा मंडळात तो प्रश्न पुन्हा येईल, "स्टेव्हिया चालेल ना?" तेव्हा घाईने 'चालेल' म्हणू नका. तिला आधी एवढंच विचारा, "तू आजारी आहेस की नियम घेतलायस?" पुढचं उत्तर तिचं तिलाच सापडेल.

जय जिनेंद्र.