मीटर हाच मिस्त्रीचा तराजू

जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची कामे करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंकडून अलीकडे एकच तक्रार ऐकू येते: गिऱ्हाईक टिकत नाही. अल्टरनेटर बदलला, सेन्सर बदलला, तरी आठ दिवसांनी गाडी पुन्हा दोरीला बांधून दारात येते आणि मालक पैसे परत मागतो. मालकाचेही गाऱ्हाणे असते. मिस्त्री अंदाजाने सामान बदलतो आणि त्या अंदाजाचे बिल आमच्या माथी मारतो, असे तो म्हणतो. दोन्ही बाजू ऐकून आमचे मत असे झाले आहे की, दोष हातात नाही, पद्धतीत आहे. हुनर आपल्याकडे आहे, मोजण्याची सवय नाही. आणि जो मोजत नाही, तो मनात नसतानाही दुसऱ्याच्या हक्कात कमी-जास्त करून बसतो.

गाड्यांचा काळ बदलला, हे आधी मान्य केले पाहिजे. जुनी डिझेल जीप एकदा धक्का मारून चालू झाली की बॅटरी मेली तरी घरी पोहोचायची. पुढे तसे राहिले नाही. मारुतीची जिप्सी २००० साली एमपीएफआय झाली. १९९८ साली आलेल्या टाटा सफारीला २००५ साली कॉमन-रेलचे डायकोर इंजिन मिळाले. महिंद्राची २००२ सालची स्कॉर्पिओही पुढे कॉमन-रेलवर गेली. या पिढीतल्या गाड्या आज पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून त्यांची नोंदणी वाढवून घेता येते, म्हणून कोकणातल्या बागायतदारापासून घाटमाथ्यावरच्या कंत्राटदारापर्यंत अनेकांकडे त्या अजून राबत आहेत. त्यांची कामे मोठ्या सर्व्हिस सेंटरपेक्षा आपल्या गॅरेजांकडेच अधिक येतात. ही आपली रोजी आहे. ती राखायची की घालवायची, हे आपल्या हाती आहे.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. एका बागायतदाराची अशीच जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पावसाळ्यानंतर घाटात मध्येच बंद पडू लागली. पहिल्या गॅरेजने क्रँक सेन्सर बदलला. दुसऱ्याने कॅम सेन्सर बदलला. तिसऱ्याने रेल-प्रेशर सेन्सरकडे बोट दाखवले आणि जमले नाही तर कॉम्प्युटर बदलावा लागेल, असेही सांगून ठेवले. शेवटी एका वयस्क ऑटो-इलेक्ट्रिशियनने वीस मिनिटे मीटर लावून पाहिले. इंजिन आणि चासीच्या मधली अर्थची पट्टी चिखलपाण्याने आतून कुजली होती आणि अल्टरनेटरचा एक डायोड गेला होता. तिन्ही मिस्त्री बेइमान नव्हते. त्यांनी मोजले नव्हते, एवढेच. पण मालकाच्या खिशातून पैसे गेले ते गेलेच, आणि आज तो चारचौघांत काय सांगत असेल, याची कल्पना करावी.

अल्टरनेटर आणि सेन्सर यांची दुखणी जोडीने का येतात, हे समजून घेतले तर निम्मे काम होते. अल्टरनेटर आत एसी वीज तयार करतो आणि डायोड तिची डीसी करतात. डायोड गेला की डीसीत एसीची लहर मिसळते. इंजिनाचा कॉम्प्युटर अनेक सेन्सरांना मोजून ५ व्होल्ट देतो आणि परत येणाऱ्या आकड्यावरून डिझेल-पेट्रोलचा हिशेब करतो. पुरवठा कमी झाला, त्यात लहर आली किंवा अर्थ कुजली, की हिशेबाचा शून्यच सरकतो. मग चांगला सेन्सरही खोटा ठरतो आणि स्कॅनरवर त्याचेच नाव येते. स्कॅनर दुखणे कुठे जाणवते ते सांगतो. ते कशामुळे आहे, हे मिस्त्रीनेच शोधायचे असते.

म्हणून क्रम असा असावा. आधी बॅटरी: काही तास उभ्या असलेल्या गाडीवर चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि सेल्फ पाहावेत. मग इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावावा आणि बॅटरीवर पाहावे. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १३ च्या खाली राहिले तर बेल्ट, कार्बन आणि वायरिंग तपासावे. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, असे समजावे. तसेच चालवत ठेवले तर बॅटरी उकळेल आणि पुढचे सामानही जळेल.

तिसरी पायरी आपल्याकडे जवळजवळ कोणीच करत नाही. दिवे चालू ठेवून मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावी. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब आहे. तसेच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत पाहावे. दोन पट्ट्या घासून आणि एक थिंबल नवा बसवून सुटणारे काम अल्टरनेटर बदलून करणे, हा मालकावर अन्याय आहे. चौथी पायरी डायोडची: मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीवर पाहावे. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर डायोडवर संशय घ्यावा. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी डीसीचाच आकडा दाखवतात, म्हणून आधी इंजिन बंद ठेवून ते शून्य दाखवते की नाही, याची खात्री करावी.

एवढे झाल्यावरच सेन्सरला हात लावावा. ज्याला ५ व्होल्टचा पुरवठा असतो, त्याच्या कपलरवर चावी चालू करून ते येतात का, हे पाहावे. येत नसतील तर एकेका सेन्सरचा कपलर काढत जावे. जो काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर ओहमवर तपासता येतो. बहुतेकांचा आकडा गार असताना दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि इंजिन तापल्यावर तीनशेच्या जवळ येतो. क्रँक सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखा वागतो. म्हणून तो गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच तपासावा. त्याच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटला असेल तर तो पुसून पाहावा.

जुन्या काही सवयी सोडल्या पाहिजेत. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ हे पाहण्याची पद्धत आपल्या उस्तादांनी शिकवली. त्या काळच्या डायनामोला ती चालून गेली. आज वायर काढताच व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड, रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर तिघांनाही धोका होतो. जाड वायर लोखंडाला घासून ठिणगी पाहणे आणि बॅटरीची वायर न काढता चासीला वेल्डिंग करणे, हेही तसेच. उस्तादांचा आदर त्यांच्या इमानदारीत ठेवावा, त्यांच्या काळातल्या प्रत्येक युक्तीत नव्हे.

या कामात जिवाचाही प्रश्न आहे. बोलेरो, सुमोसारख्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. बेल्ट तुटला किंवा अल्टरनेटर जाम झाला की चार्जिंगबरोबर ब्रेकची मदतही जाते. थोड्याच वेळात पेडल दगडासारखे होते. घाटाच्या उतारावर याचा अर्थ काय, हे सांगायला नको. त्या पंपाची सील गळत असेल तर तेल अल्टरनेटरच्या आत जाऊन कार्बन खराब होतात. तेव्हा नुसते कार्बन बदलून गाडी सोडणारा मिस्त्री मालकाला अर्धेच काम देतो.

आता दिनाची गोष्ट. पवित्र कुरआनात सूरह मुतफ्फिफीन ही मापात कमी देणाऱ्यांना इशारा देणारी सूरह आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ती किराणा दुकानदारासाठी आहे असे समजतो. आमच्या मते गॅरेजही त्यात आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. रिपेअर केलेल्या अल्टरनेटरला चांदी रंग मारून नवा म्हणून बसवणे, हा तोच आतून ओला ढीग आहे. रिपेअर माल विकण्यात पाप नाही. गरीब मालकाला तोच परवडतो. तो रिपेअर आहे हे बिलावर लिहावे, म्हणजे झाले.

आमची मुख्य सूचना मात्र पुढची आहे. तपासणीची मजुरी वेगळी आणि उघडपणे घ्यावी. आज मिस्त्री तास-दोन तास शोधण्यात घालवतो, त्याचे काही मागत नाही आणि ते सामानाच्या कमिशनमधून वसूल करतो. मग सामान बदलल्याशिवाय त्याचा चुलाच पेटत नाही. चूक इथेच आहे. मजुरी कामाआधी ठरवावी, ही आपल्याला दिलेली शिकवण आहे. तपासणीचे इतके रुपये आधी सांगावेत, मीटरचे आकडे कागदावर लिहून द्यावेत आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्यावा. ‘नुसते बघायचे पैसे कोण देतो?’ असे काही बंधू विचारतील. डॉक्टरला आपण देतोच ना? दोन गिऱ्हाइके कुरकुर करून जातील, तिसरा मात्र चार जणांना घेऊन येईल.

चांगला स्कॅनर महाग पडतो, हे खरे. २०१० पूर्वीच्या बऱ्याच गाड्या साध्या स्वस्त स्कॅनरला जबाबही देत नाहीत. यावर उपाय शिरकतीचा आहे. एका रस्त्यावरच्या चार गॅरेजांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा, हिस्सा आणि वापराची पाळी लिहून ठेवावी. व्याजाच्या कर्जात पडण्यापेक्षा हे बरे. आणि गॅरेजमध्ये पाने पुसणाऱ्या शागिर्दाला पहिल्या महिन्यातच मीटर हातात द्यावे. त्याला शाळेतले थोडे विज्ञान आठवत असेल, तर तो उस्तादालाही दोन गोष्टी सांगेल. त्या ऐकण्यात कमीपणा नाही.

साधे मीटर काही शे रुपयांत मिळते. या धंद्यात तोच आपला तराजू आहे. तो वापरून केलेल्या कामाची मजुरी हलाल असेल, आणि हलाल रोजीत बरकत असते, यावर आपला विश्वास आहे. कारागीर बंधूंनी उद्या सकाळी गॅरेज उघडताना पान्याच्या आधी मीटर हातात घ्यावे, एवढीच आमची विनंती.