लोटा-दोरीच्या पलीकडे

महाराष्ट्रातील बहुतेक ओसवाल, पोरवाल, हुमड वा खंडेलवाल कुटुंबांत पूर्वजांची एकच कथा सांगितली जाते. मारवाडात किंवा गुजरातेत दुष्काळ पडला. खापरपणजोबा एक लोटा आणि एक दोरी घेऊन पायी निघाले. अमुक गावी आले, झाडाखाली बसून मीठ-मिरची विकू लागले आणि पुढे पेढी उभी राहिली. कथा गोड आहे, कष्टाचा गौरव करणारी आहे. परंतु शंभर घरांची कथा एकाच शब्दांत सांगितली जाऊ लागली की त्या कथेत आपले स्वतःचे घर कोठे आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. खापरपणजोबा नेमके कोणत्या वर्षी आले? एकटेच आले, की आधी आलेल्या कोणा गाववाल्याच्या दुकानी गुमास्ता म्हणून राहिले? त्यांच्यामागून कोण आले, आणि पत्नी या गावी केव्हा आली? याची उत्तरे कथेत नसतात. ती गावच्या जुन्या दप्तरांत आणि घरातील जुन्या चोपड्यांत असतात.

समाजातील ज्या घराण्यांचा इतिहास सर्वश्रुत आहे, त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. उद्योगमहर्षी वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. घराणे मात्र मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ साली अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळील वाकोदचा; पूर्वज मारवाडातील आगोलाईचे. मूळ गाव आणि कर्मभूमी यांच्यामध्ये जे एक-दोन पिढ्यांचे अंतर असते, तेच सर्वांत कमी नोंदले गेले आहे. मोठ्या घराण्यांचे चरित्रकार ते शोधतात. आपल्यासारख्या सामान्य घरांचे ते आपणच शोधावयाचे आहे.

शोधाचा आरंभ घरातूनच करावा. माळ्यावर लाल कापडाच्या पुठ्ठ्यात बांधलेल्या चोपड्या असतील, तर त्या रद्दीत जाण्यापूर्वी हाती घ्याव्यात. रोजमेळ, खातेवही, नकलवही असे त्यांचे प्रकार असतात. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर दिवाळीच्या पूजनाची तिथी, गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि धन्ना-शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण, आणि दुकानाच्या मालकाचे वा मालकांचे नाव असते. केवळ ही पहिली पाने एकापुढे एक मांडली, तरी पिढ्यांचा क्रम उलगडू लागतो. एखाद्या वर्षी मालकाच्या नावात बदल होतो, एखाद्या वर्षी दोन भावांची नावे जाऊन एकाचेच राहते. मृत्यू आणि वाटणी या दोन्ही घटना तेथे उमटलेल्या असतात. आतील पानांत लग्नखर्च, यात्राखर्च, देशी पाठविलेली रक्कम, मुनिमाचा पगार यांची खाती असतात. 'देशी' म्हणजे मूळ गावी. रक्कम कोणाच्या नावे गेली हे पाहिले, की तिकडे मागे कोण राहिले होते ते कळते.

येथे लिपीचा प्रश्न उभा राहतो. आपल्या चोपड्या बहुधा मुडिया म्हणजे महाजनी लिपीत असतात. मराठी शेतकऱ्यांशी झालेले व्यवहार आणि सरकारी कागद मोडीत असतात. या दोन लिपी निरनिराळ्या आहेत. महाजनीत काना-मात्रा गाळण्याची रीत असल्याने 'काकाजी अजमेर गये' हे 'काकाजी आज मर गये' असे वाचले गेल्याची गंमत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गमतीमागचा इशारा खरा आहे: महाजनी वाचणारा माणूस त्या घराण्यातील नावे, गावे आणि व्यवहार जाणणारा असावा लागतो. अशी माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. मोडीचे तसे नाही. तिचे वर्ग चालतात, आणि २०२३ पासून राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर मोडी वाचकांची मागणी वाढली. महाजनीला असा आश्रयदाता मिळालेला नाही. म्हणून चोपडीचे छायाचित्र आधी घ्यावे, आणि ती वाचणाऱ्या वडीलधाऱ्याचा आवाज त्याच दिवशी ध्वनिमुद्रित करावा.

दुसरे साधन म्हणजे कुलगुरू, महात्मा किंवा वहीभाट यांच्या वंशावळीच्या वह्या. राजस्थानातील ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी येऊन नावे मांडीत असत. त्यांच्या वहीतील अलीकडच्या सात-आठ पिढ्या साधारणपणे विश्वासार्ह असतात, कारण त्या प्रत्यक्ष भेटीत लिहिलेल्या असतात. त्यामागे जाऊ लागलो की परंपरा आणि इतिहास एकमेकांत मिसळतात. ओसियाँ येथील महावीर मंदिर प्रतिहार राजा वत्सराजाच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले मानले जाते, आणि तेथील शिलालेख संवत १०१३ चा, म्हणजे इ.स. ९५६ चा आहे. परंपरेतील कथा त्याच्याही कितीतरी शतके मागे जाते. तिचा आदर राखावा. आपल्या वंशवृक्षात मात्र जेथे लेखी पुरावा संपतो तेथे तशी स्पष्ट रेघ ओढावी.

तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे गावची चावडी आणि तालुक्याचे अभिलेख कक्ष. इंग्रजी अमलातील जमीन मोजणीचा आरंभ १८३६ साली पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात झाला आणि पुढे ती इतरत्र पसरली. त्या मोजणीची जुनी पत्रके, विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेली हक्कनोंदणी आणि तिच्यातील फेरफार यांत आपल्या पूर्वजांनी कोणती जमीन केव्हा आणि कोणाकडून घेतली हे लिहिलेले असते. गावठाणातील घराविषयी नगर भूमापनाची चौकशी नोंदवही पाहावी. घर खरेदीचे की वडिलोपार्जित, हे त्यात नमूद असते. जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना क्रमांक १४, आणि वयासाठी जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उपयोगी पडते. अनेक जिल्ह्यांतील जुने अभिलेख आता शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर पाहता येतात. मराठवाड्यातील कुटुंबांना निजामकालीन उर्दू कागद आणि फसली सन यांची तयारी ठेवावी लागेल. तेथे १९५४ चे खासरा पत्रक हा पुढच्या शोधाचा पाया ठरतो. कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागातील चतुर्थ आणि पंचम बांधवांची गोष्ट वेगळी आहे. ते कोठून 'आलेले' नसून याच मातीतले आहेत, म्हणून त्यांचा शोध पाटीलकीच्या आणि इतर वतनांच्या कागदांतून, मठांच्या दप्तरांतून होतो.

हे सारे कागद जुळविताना कालगणनेकडे विशेष लक्ष द्यावे. शके सनात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो, दक्षिणेतील फसली सनात ५९०; पौषापासून पुढच्या काही महिन्यांत किंवा वर्षारंभाच्या सुमारास एकाचा फरक पडू शकतो. विक्रम संवतात खरी अडचण येते. गुजराती पेढीचे वर्ष कार्तिकात बदलते, उत्तरेकडील पंचांगात ते चैत्रात बदलते. समजा, चोपडीत 'संवत १९३२, चैत्र सुदी ५' अशी पहिली नोंद आहे. संवत चैत्रादी धरला तर हे १८७५ साल, कार्तिकादी धरला तर १८७६. महिन्यांचेही तसेच. मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे तिकडची 'वैशाख वदी' म्हणजे आपला 'चैत्र वद्य' होय. एका वर्षाच्या या फरकाला किती महत्त्व असते, ते पुढे दिसेल.

शोध घेता घेता एक गोष्ट लवकरच लक्षात येते. भाटाच्या वहीत वडील, मुलगा, नातू अशी पुरुषांचीच साखळी असते. स्त्रिया तेथे क्वचितच भेटतात. त्या भेटतात त्या इतर कागदांत. मध्ययुगीन धातुप्रतिमांच्या मागील लेख पाहा. संवत, तिथी, ज्ञाती, गोत्र यांनंतर 'सा.' म्हणून श्रावकाचे नाव येते आणि लगेच 'भा.' म्हणजे भार्या म्हणून तिचे. (प्रतिमा दूरदेशाहूनही आणली जाते, म्हणून मंदिरातील प्रत्येक लेख आपल्या घराण्याचा मानू नये.) महसुली कागदांत मुलगा 'बिन' या शब्दाने पित्याशी जोडला जातो, तर पत्नी 'कोम' या शब्दाने पतीशी. आणि सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे येतात: अज्ञान पालन कर्ता. मुलाचे वय लहान, पिता निवर्तलेला, आणि पालनकर्ती म्हणून आईचे नाव. अशी नोंद दहा-बारा वर्षे टिकली असेल, तर त्या काळात शेत, दुकान, उधारी आणि कोर्ट-कचेरी कोणी सांभाळली असेल याचा विचार करावा. वंशावळीत आपण 'पेढीचे संस्थापक' म्हणून ज्यांचे नाव लिहितो, त्यांच्या मृत्यूनंतर पेढी बुडाली नाही याचे श्रेय त्या तीन अक्षरांमागे झाकलेले असू शकते. वंशवृक्ष नव्याने लिहिणाऱ्याने तिचे नाव, माहेरचे गाव आणि गोत्र यांसह, तिच्या योग्य जागी मांडावे.

आता थोड्या अवघड पानाकडे वळू. आपल्या पूर्वजांपैकी बहुतेक जण व्यापारी होते आणि त्यांतील अनेक जण सावकारीही करीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. जमावाचा रोख मुख्यतः सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या रोख्यांवर आणि वह्यांवर होता. त्या हिसकावून जाळल्या गेल्या. त्याच्या काही महिने आधी शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका मारवाडी सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडविले होते, आणि गावाने बहिष्काराने त्याला उत्तर दिले होते. सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याने शेतकऱ्याचे कर्जाचे दस्तऐवज गाव-निबंधकासमोर लिहिणे आवश्यक झाले.

कुलेतिहास शोधणाऱ्यासाठी या घटनांचे दोन अर्थ आहेत. पहिला व्यावहारिक आहे. या भागातील कोणा घराण्याच्या चोपड्या १८७५ च्या आसपास एकाएकी सुरू होत असतील, तर त्याच वर्षी पूर्वज आले असा निष्कर्ष घाईने काढू नये. कदाचित ते वीस वर्षे आधीच आले असतील आणि आधीच्या वह्या आगीत गेल्या असतील. वर दिलेल्या संवत १९३२ च्या उदाहरणात एका वर्षाच्या फरकाने ती नोंद उठावापूर्वीची ठरते किंवा नंतरची, आणि कुटुंबाची सारी कथा बदलते. उलट १८७९ नंतरच्या दस्तांत सावकाराचे नाव आणि राहण्याचे गाव नोंदले गेल्याने घरच्या वह्या नसल्या तरी पूर्वज सापडू शकतात. गॅझेटियरचे नगर (१८८४) आणि पुणे (१८८५) हे खंडही या काळाची पार्श्वभूमी देतात.

दुसरा अर्थ नैतिक आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. धर्मशाळा, पांजरपोळ, मंदिराचा जीर्णोद्धार यांचे कागद सापडले की आपण ते स्मरणिकेत छापतो. गहाणखत सापडले की बासनात परत बांधतो. सत्य हे आपल्या पाच अणुव्रतांपैकी एक आहे. इतिहास लिहिताना ते बाजूला ठेवता येत नाही. ज्या पूर्वजाने दुष्काळात धान्य उधार दिले त्यानेच कदाचित पुढच्या वर्षी शेत लिहून घेतले. दोन्ही नोंदी एकाच हाताने, एकाच वहीत केलेल्या आहेत. त्याला देवही करू नये आणि आरोपीही करू नये. त्याच्या काळाचे व्याजदर, सरकारी साऱ्याची सक्ती, कापसाच्या भावाची चढ-उतार हे सारे जाणून त्याला माणूस म्हणून पाहावे.

याच ठिकाणी एक कर्तव्य आपल्या वाट्याला येते. ज्या शेतकऱ्यांची नावे आपल्या खातेवहीत आहेत, त्यांच्या घरी दीडशे वर्षांपूर्वीचा कागद बहुधा नसतो. त्यांचा खापरपणजोबा कोण होता, त्याच्या वडिलांचे नाव काय, तो कोणत्या वाडीत राहत होता, हे कधी कधी जगात एकाच ठिकाणी लिहिलेले असते: आपल्या माळ्यावरील वहीत, 'नावे' या बाजूला. आपल्या वंशाचा शोध घेण्यासाठी उघडलेली वही अशा रीतीने साऱ्या गावाच्या वंशावळीचे दप्तर ठरते. म्हणून ती जपताना दोन पथ्ये पाळावीत. कोणाच्या कर्जाचा आकडा जाहीररीत्या छापू नये; पण कोणी शेजारी आपल्या पूर्वजाचे नाव शोधीत आला, तर ते पान त्याला आदराने दाखवावे आणि त्याचे छायाचित्र द्यावे. ज्या गावाने आपल्या लोटा-दोरीवाल्या पूर्वजाला ठाव दिला, त्याचे ऋण अंशतः फेडण्याचा हा एक मार्ग आहे.

या दिवाळीस वहीपूजन करताना नव्या वहीशेजारी घरातील सर्वांत जुनी वही ठेवावी. तिचे पहिले पान मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावे, आणि वाचता येत नसेल तर वाचणाऱ्या वडीलधाऱ्यास घरी बोलवावे. एका पानापासून आरंभ केला तरी पुरे आहे.

जय जिनेंद्र!