वर्गणीची पावती आणि हिशेबाची वही

गणपती-नवरात्राची धामधूम ओसरली, सहामाही परीक्षा आटोपल्या, की महाविद्यालयांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. या दिवसांत बाजारपेठेतून फिरणाऱ्याला एक दृश्य हमखास दिसते. चार-पाच तरुणांचा घोळका, एकाच्या हाती कार्यक्रमाची रंगीत पत्रिका, दुसऱ्याच्या हाती पावतीपुस्तक, आणि गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराच्या चेहऱ्यावर ‘आत्ताच तर गणपतीची दिली’ असा भाव. तो शंभराची नोट काढून देतो ती संमेलनाच्या प्रेमापोटी नव्हे, तर दारातला घोळका लवकर पुढे सरकावा म्हणून. तरुण ती घेतात आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढतात. देणाऱ्याने का दिले आणि घेणाऱ्याने कशासाठी घेतले, याचा विचार दोघांपैकी कोणीच करीत नाही. वास्तविक, विद्यार्थ्यांच्या सार्वजनिक जीवनाचा पहिला धडा याच व्यवहारात दडलेला आहे, आणि तो बहुधा चुकीचा शिकविला जात आहे.

विद्यार्थ्यांच्या संघटनांना पैसा लागतो, यात वावगे काही नाही. विद्यार्थी संघटना म्हटले की राजकीय पक्षांच्या शाखा डोळ्यांसमोर येतात. परंतु वाङ्मय मंडळ, नाट्यमंडळ, विज्ञान मंडळ, गिरिभ्रमण करणाऱ्यांचा गट, भित्तिपत्रक चालविणारी मुले या सर्व संघटनाच होत. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेला सरकारी अनुदानाचा आधार तरी आहे. इतरांना तोही नाही. शुल्काच्या पावतीवर ‘विद्यार्थी उपक्रम’ या सदराखाली जी रक्कम दिसते, तिच्यात एका एकांकिकेचे नेपथ्य, प्रकाशयोजना आणि स्पर्धेच्या गावी जाण्या-येण्याचे भाडे भागविणे कठीण असते. तेव्हा प्रश्न पैसा उभारावा की नाही हा नसून तो कोठून आणि कोणत्या रीतीने उभारावा, हा आहे. कारण जो पैसा देतो त्याचा शब्द संस्थेत चालतो, हा नियम महाविद्यालयाच्या फाटकापाशी थांबत नाही.

आज रूढ असलेले मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला, सर्वांकडून सक्तीने वर्गणी घेण्याचा. वर्गप्रतिनिधी यादी घेऊन उभा राहतो आणि ज्याच्या नावापुढे खूण नाही त्याचे नाव मोठ्याने वाचतो. दोनशे रुपये ही रक्कम एखाद्याला उपाहारगृहातील एका बैठकीची वाटेल, खेड्यातून एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या आणि पासाचे पैसे जुळविताना मेटाकुटीस येणाऱ्या मुलीला ती तशी वाटत नाही. ती वर्गणी देते, परंतु संमेलनाच्या संध्याकाळी मुक्कामी गाडी चुकू नये म्हणून पाच वाजताच घरी निघते. म्हणजे जिच्या पैशावर रोषणाई झाली, तिनेच ती पाहिलेली नसते. अशा वर्गणीला वर्गणी म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. तिचे खरे नाव पट्टी.

दुसरा मार्ग प्रायोजकांचा. मुंबईच्या आयआयटीतील ‘मूड इंडिगो’ १९७१ मध्ये आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाचा ‘मल्हार’ १९७९ मध्ये सुरू झाला. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी भरविलेल्या या उत्सवांनी शेकडो तरुणांना संघटन, नियोजन आणि रंगमंच यांचे शिक्षण दिले, हे मान्यच केले पाहिजे. त्यांचे अनुकरण पुढे गावोगावच्या महाविद्यालयांनी केले. अनुकरणात मात्र उत्सवामागील परिश्रम मागे राहिले आणि फलक तेवढे पुढे आले. शीतपेये, मोबाइल, खासगी शिकवण्या आणि परदेशी विद्यापीठांच्या जागा मिळवून देणारे दलाल यांच्या नावांनी मांडव भरून जातो. प्रायोजकाची रक्कम वाढली की अपेक्षाही वाढते. मग वादविवाद स्पर्धेला श्रोते कमी म्हणून ती गळते आणि गर्दी खेचणारा गायक येतो. काव्यवाचनाची वेळ सकाळी नऊची ठरते आणि रात्रीचा मुख्य समय कंपनीच्या ‘उपक्रमा’कडे जातो. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. व्यापारी आपल्या पैशाचा मोबदला मागतो, आणि तो मागणे त्याच्या धर्माला धरूनच आहे. चूक आहे ती आपला उत्सव विकला गेला हे न ओळखणाऱ्यांची.

महाराष्ट्राला या बाबतीत उसना आदर्श शोधण्याचे कारण नाही. पुण्यात माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्या पिढ्यांची आठवण अद्याप बुजलेली नाही. त्या प्रथेत समाजाचे औदार्य होते, तसाच जातीचा संकोचही होता. म्हणून ती मागे पडली याचे दुःख नको. परंतु तिच्या जागी जे उभे राहिले ते अधिक मोलाचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंडा’ची कल्पना गावोगाव नेली. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, एवढेच मागणे. या पैशापैशातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. देणगी लहान असल्यामुळे देणारा लहान ठरत नाही, उलट असंख्य देणारे असले की संस्था कोणा एकाची मिंधी राहत नाही, हे त्यातील मर्म होते.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी याच मर्माला श्रमाची जोड दिली. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडातून घराघरांतले मूठ-मूठ धान्य गोळा केले. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबली आणि एकत्र जेवली. वसतिगृहाच्या अडचणीच्या काळात लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आज पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने चालते. धोंडो केशव कर्वे यांनी १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी पुन्हा वर्गणी मागण्यास आरंभ केला. या माणसांनी मागितले. परंतु मागण्याआधी स्वतःचे दिले, आणि मागितल्यानंतर हिशेब दिला. मागणाऱ्याची प्रतिष्ठा या दोन गोष्टींवर उभी असते.

तेव्हा आजच्या विद्यार्थी संघटनेने काय करावे? पहिली गोष्ट, खर्चाचा अंदाज आधी आणि पैसा नंतर. पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा असतो. जितका जमेल तितका जमवायचा आणि जमला तितका उडवायचा. दुसरी गोष्ट, आपल्यापाशी विकण्याजोगे काय आहे ते पाहावे. जून महिन्यात क्रमिक पुस्तकांना मागणी असते. त्याच वेळी वरच्या वर्गात गेलेल्यांच्या घरी मागील वर्षाची पुस्तके धूळ खात असतात. पुण्यातील अप्पा बळवंत चौकाने जुन्या-नव्या पुस्तकांच्या या व्यवहारावर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी पोसले. महाविद्यालयाच्या आवारात आठवडाभर जुन्या पुस्तकांचा बाजार मांडला, पुस्तकामागे दहा रुपये संघटनेने ठेवून घेतले, आणि पाचशे पुस्तके हातोहात गेली, तर पाच हजार रुपये जमतात. रक्कम मोठी नाही. पण त्यात पाचशे विद्यार्थ्यांना स्वस्तात पुस्तक मिळाले आणि कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

दिवाळीपूर्वी आकाशकंदील आणि रंगविलेल्या पणत्या, संक्रांतीला तिळगुळाच्या वड्या, वर्षाअखेर वह्या-रद्दीचे संकलन, आवारात भरविलेला खाद्यपदार्थांचा आनंदमेळा, हे सारे मार्ग जुनेच आहेत आणि जुने असूनही उपयोगी आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना नफ्यातोट्याचे पत्रक पाठ्यपुस्तकात शिकण्याऐवजी कंदिलांच्या टेबलावर शिकता येईल. संगणक जाणणारे विद्यार्थी मोहल्ल्यातील ज्येष्ठ नागरिकांना अर्ज भरण्यास आणि बँकेचे व्यवहार समजून घेण्यास मदत करून माफक शुल्क घेऊ शकतील. नाट्यमंडळाने एखाद्या नाट्यसंस्थेचा प्रयोग ठरावीक रकमेला घेऊन त्याची तिकिटे स्वतः विकावीत, ही मराठी रंगभूमीवरील रूढ पद्धत आहे. हिच्यात धोका आहे, कारण तिकिटे उरली तर तोटा संघटनेचा. म्हणूनच नाट्यगृहाचे भाडे आणि प्रयोगाचे कंत्राट मिळून किती तिकिटे खपली म्हणजे मुद्दल निघते, हे आधी कागदावर मांडावे आणि मगच शब्द द्यावा.

वार्षिक नियतकालिकासाठी जाहिराती घेण्यासही हरकत नसावी. गावातील छापखाना, औषधविक्रेता, पुस्तकांचे दुकान यांची जाहिरात मासिकाच्या पानाला शोभते. पान कोणते आणि मजकूर कोणता, हे मात्र संपादक मंडळाने ठरवावे. माजी विद्यार्थ्यांकडे जावे, पण दर वर्षी निराळ्या संमेलनासाठी नव्हे. ग्रंथालयातील संदर्भग्रंथ, प्रयोगशाळेतील उपकरण किंवा एखाद्या मुलीच्या एस.टी. पासाचा वर्षभराचा खर्च, असे डोळ्यांना दिसणारे काम सांगून जावे. माणूस उत्सवाला देताना हात आखडतो. ग्रंथाला देताना त्याला स्वतःचे विद्यार्थिदशेतील दिवस आठवतात.

या साऱ्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न हिशेबाचा आहे. येथे एक विसंगती नजरेस आणून दिली पाहिजे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी लागू केल्या. त्यांनुसार विद्यार्थी निवडणुकीतील उमेदवाराला पाच हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही, आणि निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब सादर करावा लागतो. पाच हजारांचा हिशेब मागणारी ही दक्षता योग्यच आहे. मात्र त्याच महाविद्यालयात संमेलनासाठी लाखो रुपये जमतात, तेव्हा दोन आठवड्यांत काय, दोन वर्षांतही कोणी फलकावर आकडे लावीत नाही. त्यातच १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकांच्या जागी गुणवत्तेवरील नियुक्त्या आणल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. ज्याला मतदारापुढे जावे लागत नाही, त्याला हिशेबाचे भय कशाचे?

हा हिशेब ठेवणे अवघड नाही. अनुक्रमांक असलेली छापील पावती, संघटनेच्या नावाचे बँकेतील खाते, रोख रक्कम मोजताना दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक, आणि कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत सूचनाफलकावर जमाखर्च, एवढे नियम पुरेत. अलीकडे पावतीपुस्तकाची जागा मोबाइलवरील क्यूआर चौकटीने घेतली आहे. सोय मोठी झाली. पण ती चौकट पुष्कळदा एखाद्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक खात्याची असते. तो विद्यार्थी प्रामाणिक असेल. परंतु त्याचे जेवणाचे बिल आणि संघटनेची वर्गणी एकाच खात्यात मिसळली, की प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. संशयापासून त्याचे रक्षण करण्यासाठीच वेगळे खाते हवे.

आपत्तिनिवारणासाठी पैसा गोळा करताना तर ही शिस्त दुपटीने हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हा विद्यार्थी डबे घेऊन रस्त्यावर उतरले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरातही तरुणच पुढे आले. असा क्षण आला की लोक दहाची नोट न मोजता टाकतात. कारण समोरच्या कोवळ्या चेहऱ्यावर त्यांचा विश्वास असतो. हा विश्वास हेच विद्यार्थी वर्गाचे खरे भांडवल. मोहोर नसलेला डबा घेऊन कोणी रस्त्यावर उभा राहिला आणि त्या डब्याचे पुढे काय झाले हे कधी कळले नाही, तर नुकसान दहा रुपयांचे होत नाही. पुढच्या पुराच्या वेळी खऱ्या डब्यातही नोट पडत नाही. धर्मादाय कारणासाठी नोंदणीविना वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी, असे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१-क सांगते. गणेश मंडळांना जे करावे लागते ते महाविद्यालयातील तरुणांनी टाळण्याचे कारण नाही.

इतक्या उठाठेवीत अभ्यास कधी करायचा, असे पालक विचारतील. त्यांचा प्रश्न गैर नाही. परंतु हेच विद्यार्थी उद्या सहकारी सोसायटीचे चिटणीस, पतपेढीचे संचालक, ग्रामपंचायतीचे सदस्य होणार आहेत. दुसऱ्याचा पैसा आपल्या हाती असणे म्हणजे काय, हे त्यांनी तेव्हा प्रथमच शिकावे काय? पतसंस्था बुडाल्याच्या वार्ता वाचून हळहळणाऱ्या समाजाने, संचालकांना हिशेबाची सवय कोणत्या वयात लागायला हवी होती, हेही स्वतःला विचारले पाहिजे.

प्राध्यापकांची जबाबदारी येथेच आहे. त्यांनी पैसा जमवू नये आणि खर्चही करू नये. फक्त वही उघडी राहील एवढे पाहावे. संमेलन थोडे लहान झाले, रोषणाईच्या चार माळा कमी लागल्या, गायक गावातलाच आला, तरी बिघडत नाही. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी फलकावर जमाखर्च लागावा, त्यात शेवटी सत्तावीस रुपये शिल्लक दिसावेत, आणि ते पुढील वर्षाच्या मंडळाच्या स्वाधीन केल्याची सही खाली असावी. शंभराची नोट नाइलाजाने देणारा तो दुकानदार हा कागद वाचील, तर पुढच्या वर्षी घोळका दारात आल्यावर तो त्यांना आधी बसायला सांगेल.