तिकीट कन्फर्म, पण विमानात जागा नाही. मग पैसे किती आणि दाद कुठे?

6 सप्टेंबर 2024 ची गोष्ट. बेंगळुरूहून पुण्याला जाणाऱ्या अकासा एअरच्या विमानात सात प्रवाशांना चढू दिलं नाही. तिकीट कन्फर्म होतं आणि माणसं वेळेवर हजर होती. ठरलेलं विमान ऐनवेळी बदलावं लागलं, बदली विमानातल्या काही सीट नादुरुस्त निघाल्या, आणि फटका बसला या सात जणांना. कंपनीने त्यांना दुसऱ्या कंपनीच्या विमानाने पाठवलं. पण ते विमान मूळ वेळेनंतर तासाभराहून जास्त उशिराचं होतं, म्हणजे नियमाने भरपाई लागू होत होती. ती दिली नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, दाखवून दिल्यावर पैसे देण्याची तयारी झाली. डिसेंबरमध्ये कंपनीला 10 लाखांचा दंड बसला.

हा दंड सरकारजमा होतो, त्यातला रुपयाही प्रवाशाला मिळत नाही. जून 2022 मध्ये एअर इंडियालाही याच प्रकारासाठी 10 लाखांचाच दंड झाला होता. बेंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीत डीजीसीएने तपासणी केली, तेव्हा भरपाईचे नियम पाळले जात नसल्याचं आढळलं. दोन वर्षांनी दुसरी कंपनी, तोच गुन्हा, तेवढाच दंड. रोज शेकडो फेऱ्या मारणाऱ्या धंद्यात दहा लाखांची भीती कोणाला वाटणार?

जागेपेक्षा जास्त तिकिटं विकणं, ज्याला ओव्हरबुकिंग म्हणतात, ते आपल्याकडे बेकायदा नाही. कंपन्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक फेरीला काही लोक येतच नाहीत, रिकामी सीट उडाली की तिचे पैसे गेले, म्हणून अंदाजाने चार तिकिटं जास्त विकतो. हिशेब खोटा नाही. पण अंदाज चुकला तर नुकसान त्याने सोसायला हवं ज्याने अंदाज केला. रेल्वे निदान वेटिंग आहे हे तोंडावर सांगते. विमान कंपनी कन्फर्म म्हणते आणि काउंटरवर मान हलवते.

कधी कधी तर काउंटरवरही नाही. मे 2024 मध्ये मुंबईहून वाराणसीला निघालेलं इंडिगोचं विमान धावपट्टीकडे सरकू लागलं तेव्हा मागे एक माणूस उभाच असल्याचं लक्षात आलं. विमान परत आणून त्याला उतरवावं लागलं. आपल्या गावच्या वडापमध्ये चालतं ते इथेही चालू झालं की काय, असं वाटावं!

नियम काय म्हणतो? जागा कमी पडल्या तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणाऱ्यांना विचारायचं आणि त्या बदल्यात काहीतरी द्यायचं. ही हाक आपल्याकडे किती जणांनी ऐकली असेल? अमेरिकेत ही पद्धत 1978 पासून आहे. तरी एप्रिल 2017 मध्ये शिकागोत युनायटेडच्या विमानातून डॉ. डेव्हिड डाओ यांना फरफटत बाहेर काढलं, कारण चार जागा कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना हव्या होत्या. 800 डॉलरपर्यंत देऊ केले होते, कोणी उठलं नाही. बोली वाढवायची सोडून पोलीस बोलावले. त्या बदनामीनंतर कंपनीने स्वखुशीने उतरणाऱ्यासाठीची मर्यादा 10 हजार डॉलरवर नेली.

आपल्याकडे मर्जीविरुद्ध थांबवलं तर हिशेब असा: मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. 24 तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्क यांच्या दुप्पट, पण जास्तीत जास्त 10 हजार. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल 20 हजार. दुसरं विमान नकोच म्हणालात तर तिकिटाचे सगळे पैसे परत, शिवाय चौपट, तीच कमाल. हे आकडे 2016 चे आहेत. तिकिटांचे दर त्यानंतर कुठे गेले ते सांगायला नको. शिवाय गुणाकार होतो तो मूळ भाड्याचा, तुम्ही मोजलेल्या पूर्ण रकमेचा नव्हे. समजा 3,800 च्या तिकिटात मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून 2,600 असेल, तर दुपटीने हाती 5,200. युरोपात कमी अंतरासाठी भाडं कितीही असो, 250 युरोचा ठोक आकडा आहे.

आपल्या सीमाभागात हे जास्त टोचतं. मुंबई-दिल्ली मार्गावर दर तासाला विमान मिळतं. सांबऱ्याहून किंवा कोल्हापूरहून निघणाऱ्याची एक फेरी गेली की दिवसच गेला. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीचे कितीतरी लोक गोवा, हुबळी, पुणे असं जिथून जमेल तिथून उडतात. मग तक्रार करायची वेळ आली की प्रश्न पडतो: विमान गोव्याचं, कंपनीचं ऑफिस तिसऱ्याच राज्यात, आणि आपण कर्नाटकात. जायचं कुठे?

याचं उत्तर बऱ्याच जणांना माहीत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. जुन्या 1986 च्या कायद्यात ही सोय नव्हती. कंपनी जिथे, किंवा घटना जिथे घडली, तिथे जावं लागे. म्हणजे मोपावर अडवलेला बेळगावकर बेळगावात दाद मागू शकतो, हैदराबादला अडवलेला सोलापूरकर सोलापुरात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची. आणि डीजीसीएची 10-20 हजारांची कमाल आहे म्हणून आयोगाकडे मानसिक त्रासाचे, बुडालेल्या हॉटेलचे पैसे मागू नयेत, असं कुठेही नाही.

खरी मेख पुराव्यात आहे. ‘तुम्ही उशिरा आलात’ एवढं कंपनीने लिहिलं की भरपाईचा प्रश्नच मिटतो. त्यामुळे वेब चेक-इन केलेला स्क्रीनशॉट ठेवा, काउंटरवर पोचल्याचा वेळेसह फोटो काढा. जागा नाही म्हणाले तर भांडण्याआधी एकच मागा: ‘डिनाईड बोर्डिंग’ असं लिहून द्या. लिहून देत नसतील तर तिथेच उभं राहून कंपनीला ईमेल करा आणि एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. आणि व्हाउचर घाईघाईत घेऊ नका. त्यासोबतच्या कागदावर ‘पूर्ण समाधान झाले’ अशी ओळ आहे का, ते सही करण्याआधी वाचा.