तसबिरीचा घोटाळा पुन्हा रंगावा

दिवाळीत नाट्यपदांच्या मैफली होतात आणि त्यांत ‘संशयकल्लोळ’ची दोन-चार पदे हटकून गायली जातात. पदे गोडच आहेत. पण ती ज्या नाटकात बसवली, ते नाटक मात्र क्वचितच बघायला मिळते, आणि हे आमच्या मनाला फार लागते.

कारण हे नाटक आधी पदांवाचूनच उभे राहिले. मोलियरने १६६० साली पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ रंगवले, त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली लंडनमध्ये ‘ऑल इन द राँग’ केले, आणि मर्फीच्या नाटकावरून गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. देवलांचे हे नाटक सगळे गद्य. रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका पाहते; रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती तिच्या हाती फाल्गुनरावाला दिसते. एवढ्यावर दोन्हीकडचा संशय पेटतो! पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे देऊन देवलांनी परका संसार असा मराठी केला, की मूळ कुठले हे विचारावेसेही वाटत नाही.

पदे आली १९१६ साली. ती देवलांनीच रचली. पण जूनमध्ये ते गेले, आणि ‘संगीत संशयकल्लोळ’ त्यांच्या मागे गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजले. रेवती नायकिणीच्या घरची, म्हणून तिच्या तोंडी गाणे शोभते. तरीही खरी मेहनत संवादांत आहे, असे आमचे ठाम मत आहे. देवल मुळात तालीममास्तर. वाक्य कुठे तोडायचे, हे त्यांना नटाच्या श्वासावरून कळत असे.

आपल्या अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात, आणि देवलांचे नातेही अशाच मुलखाशी. देवलांचे गुरू अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कन्नड मुलखातले. देवल त्यांच्या हाताखाली शिकले ते बेळगावात. म्हणजे हा वारसा आपल्या सीमाभागाचाच.

म्हणून अक्कलकोट तालुक्यातल्या हौशी मंडळींना आमची कळकळीची विनंती: यंदा हे नाटक करा. गाणारे नसतील तर पदे गाळा, १८९३ चाच खेळ समजा. पडदे साधे चालतील. तालमीला मात्र दोन महिने द्या, आणि फाल्गुनराव-कृत्तिकेचे प्रवेश सगळ्यांत आधी बसवा.