विहारयात्रा की धम्मयात्रा?

सप्टेंबर सरत आला की मुंबईतल्या पब-हॉटेलांत 'ऑक्टोबरफेस्ट'च्या जाहिराती झळकू लागतात. जर्मनीतील म्युनिक येथे 1810 साली बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त सुरू झालेला हा उत्सव. आज तेथे सोळा-अठरा दिवसांत साठ लाखांहून अधिक लोक जमतात. आसपासच्या गावांतून माणसे सकाळच्या रेल्वेने येतात, लिटरभराच्या मगाने बिअर पितात आणि रात्रीच्या गाडीने परततात. जर्मनांनी आपला उत्सव कसा करावा, हा त्यांचा प्रश्न. आमचा प्रश्न आहे तो मिरा रोड-भाईंदरच्या फलाटावरून लोकल पकडून अंधेरी, लोअर परळच्या नकली म्युनिककडे निघालेल्या, किंवा वापीपर्यंत गाडीने जाऊन दमण गाठणाऱ्या आमच्याच तरुणांचा!

ऑक्टोबर महिना आमचा आहे, तो 14 ऑक्टोबर 1956 मुळे. त्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो बांधवांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यातच आहे. पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. मग वंदना विहारात आणि बिअर पबमध्ये, हा कोणता धम्म?

काही शिकलेले बांधव म्हणतात, "एका दिवसाने काय बिघडते? बिअर म्हणजे काय दारू आहे?" कायद्याचे उत्तर सरळ आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची 21 वर्षे आणि अन्य मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण असावी लागतात, शिवाय परवाना लागतो. दमणची स्वस्त बाटली पिशवीत घालून महाराष्ट्रात आणणे हाही गुन्हा आहे. दारू पिऊन रेल्वेत धिंगाणा घालणाऱ्यासाठी 1989 च्या रेल्वे कायद्याचे कलम 145 आहे. पण प्रश्न केवळ कायद्याचा नाही. पोटगीचे आणि घरगुती हिंसाचाराचे अर्ज घेऊन ज्या आयाबहिणी आम्हा वकिलांकडे येतात, त्यांच्यापैकी कितीजणींच्या कहाणीची सुरुवात "आधी कधीतरीच प्यायचे" या वाक्याने होते!

सरकारकडून आशा करावी, तर संविधानाच्या अनुच्छेद 47 ने राज्याला दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करायला सांगितले आहे. प्रत्यक्षात काय घडते? चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये आलेली दारूबंदी 2021 मध्ये उठवली गेली. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढवून वर्षाला 14,000 कोटी रुपयांचा जादा महसूल मिळवण्याचे ठरवले, बिअर आणि वाईन मात्र त्या वाढीतून वगळली. तिजोरी भरते ती पिणाऱ्याच्या खिशातून, आणि मरण येते ते वस्तीत. आपल्याच लोकल मार्गावरच्या मालाडच्या मालवणीत जून 2015 मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. ती हातावर पोट असलेली माणसे होती!

मग तरुणांनी मौजमजा करूच नये काय? जरूर करावी. उत्सवाला आमचा विरोध नाही. सम्राट अशोकानेही आपल्या पहिल्या शिलालेखात जत्रा-समारंभांतले दोष सांगताना काही समारंभ चांगले असल्याचे मान्य केले आहे. आणि इथेच भाईंदरकरांना एक गोष्ट सांगायची आहे. भाईंदरहून विरारकडे जाणारी लोकल पकडा. खाडी ओलांडली की नायगाव, मग वसई रोड, मग नालासोपारा. गावकरी ज्या टेकाडाला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत, तेथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला तो जवळच्या भुईगावात, 1956 साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी!

आणि हा आठवा लेख सांगतो तरी काय? पूर्वीचे राजे शिकारीला आणि चैनीला विहारयात्रा काढीत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला जाऊन त्या सोडून दिल्या आणि धम्मयात्रा सुरू केली. त्या यात्रेत तो श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटे, दान देई, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी धम्माची चर्चा करी. आणि यातच आपल्याला अधिक आनंद मिळतो, असे त्याने दगडावर कोरून ठेवले. एका दिवसाची सहल कुठे काढावी, याचे उत्तर आपल्या दारात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेले आहे!

तरुणांना नुसते दटावून भागणार नाही. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेपुढे पिऊन नाचणाऱ्यांकडे काही ठिकाणी आपलेच पुढारी काणाडोळा करतात. त्यांना पोरांना शील शिकवण्याचा काय अधिकार? आधी मंडळांनी ठराव करावा की, पिऊन येणाऱ्याला मिरवणुकीत जागा नाही आणि दारूच्या पैशाची वर्गणी नाही. मग मिरा-भाईंदरच्या प्रत्येक विहाराने ऑक्टोबरातल्या एका रविवारी मुलाबाळांसह सोपाऱ्याची धम्मयात्रा काढावी. डबा घरचा, तिकीट लोकलचे, सोबतीला इतिहास सांगणारा एखादा जाणकार. खर्च बिअरच्या एका मगाहूनही कमी येईल.

फलाट एकच आहे. गाडी कोणत्या दिशेची पकडायची, हे आपण ठरवायचे आहे. जयभीम!