कुत्र्याला नंतर, आधी घराला शिकवा

कुत्र्याचं शेपूट वर्षभर नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, ही म्हण माणसांबद्दल वापरली तर मला काही म्हणायचं नाही. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत ती मी खऱ्याखुऱ्या कुत्र्याबद्दल इतक्या वेळा ऐकली की आता सरळ रागच येतो. म्हणून हे लिहायला बसलो.

निमित्त आमचा शेरू. वय अकरा महिने, जात गावठी. दारव्ह्याकडच्या एका शेतातून आणला तेव्हा ओंजळीत मावायचा. आता मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे दोन्ही पंजे माझ्या छातीला लागतात. दार वाजलं की उडी, कुणी चप्पल घातली की उडी, ताट वाढलं की उडी. पावसाळ्यात आमच्या यवतमाळची काळी माती कशी चिकटते ते इथल्यांना माहीत आहे. ती पंजांना लागून थेट पाहुण्यांच्या शर्टावर जायची. आम्ही हसायचो, पाहुणेही (तोंडदेखलं का होईना) हसायचे.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी आई स्वयंपाकघरातून ताट घेऊन येत होती. शेरूने आनंदाने झेप घेतली. आई भिंतीला टेकली म्हणून वाचली. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिलंय त्याला सांगायला नको. म्हणजे 'लहान आहे, खेळतो' म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. लहान मुलाला नुसतं नख लागलं आणि रक्त आलं नाही, तरी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरला विचारा, असंच रेबीजच्या बाबतीत सांगतात. तेव्हा उडी थांबलीच पाहिजे. वाद आहे तो कशी थांबवायची याचा.

संध्याकाळपर्यंत गल्लीतून सल्ले जमा झाले. "एक गुडघा हाणा त्याच्या छातीत, मंग पाहा." "मागच्या पायावर पाय द्या जोरात." "चपलेचा धाक पाहिजे जी." आणि सगळ्यात आपुलकीने दिलेला सल्ला, "साखळीनं बांधून टाका न, कायले डोक्याले ताप?"

या शेवटच्या सल्ल्याने मी खरा घाबरलो. कारण त्याचा परिणाम मी रोज बघतो. आमच्यापासून थोड्या अंतरावरच्या एका घरी असाच एक कुत्रा आहे. दोन वर्षांपूर्वी तोही असाच उड्या मारायचा. आता टिनाच्या छपरीत, चार-पाच फुटांच्या साखळीला. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हाही तिथेच. तो आता उडी मारत नाही. कुणी आलं की मान वर करतो, बघतो, परत खाली ठेवतो. घरचे म्हणतात, शहाणा झाला. माझं भांडण या 'शहाणा' शब्दाशी आहे. शहाणा नाही हो झाला, त्याने माणसांकडून काही मिळेल ही आशा सोडली.

कुत्रा उडी का मारतो, हे आपण कधी विचारतो का? पिल्लं मोठ्या कुत्र्याचं तोंड चाटून त्याचं स्वागत करतात. आपलं तोंड पाच फुटांवर, त्याचं दीडवर. तिथे पोचायला उडीशिवाय दुसरा रस्ता काय? तो पाया पडतोय आणि आपण त्याला गुडघा हाणतोय, असला हा प्रकार.

यावर एक सुशिक्षित उत्तर असतं. "तो तुमच्यावर बॉसगिरी करतोय. तुम्ही कळपाचे म्होरके आहात हे त्याला दाखवा." हा सिद्धांत आला कुठून ते बघण्यासारखं आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पुस्तकाने ती म्होरक्याची कल्पना जगभर नेली. पण पुढे मेकनेच कॅनडातल्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे मुळात एक कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पोरं. स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला. ज्याने सांगितलं त्याने मागे घेतलं, आपण मात्र अजून कुत्र्याच्या छातीत गुडघे घालतोय. आणि शेरू तर लांडगाही नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. शेरूला उडी मारायला आम्हीच शिकवलं. मी कामावरून आलो की "अरे माझा वाघ!" म्हणत त्याचे पंजे हातात घ्यायचो. बायको "खाली हो, खाली हो" म्हणत त्याला ढकलायची (कुत्र्याच्या लेखी ढकलाढकली म्हणजे खेळच). मुलगा भाकरीचा तुकडा उंच धरून त्याला नाचवायचा. आई ओरडायची. चार माणसं, चार कायदे. तेच पंजे माझ्या जुन्या बनियनवर चालतात आणि लग्नाला निघालेल्या वहिनींच्या साडीवर चालत नाहीत, हे त्या बिचाऱ्याने कशावरून ओळखायचं?

कधीकधीच मिळणारं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट करतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं, त्यांचं पुस्तक १९५७ सालचं. पण आपल्याला कबुतरं कशाला हवीत? मटक्याचा नाद लागलेला माणूस बघा. रोज लागत नाही, कधीतरी लागतो, म्हणून सुटत नाही. शेरूच्या दहा उड्यांपैकी एकीला जरी लाड मिळाले तरी त्याचा आकडा लागला!

मग आम्ही काय केलं? काही मोठं नाही. घरात एकच कायदा केला. चारही पाय जमिनीवर असतील तरच शेरू दिसेल. उडी मारली की पाठ फिरवायची, हात बांधायचे, बोलायचं नाही, बघायचं नाही, रागवायचंही नाही. पाय खाली टेकले की लगेच, त्याच क्षणी, खाली वाकून लाड आणि भाकरीचा तुकडा. तुकडासुद्धा जमिनीवर ठेवायचा, म्हणजे नाक खाली राहतं. पाहुणे आले की दार उघडायच्या आधी त्याला दोरीने धरायचं आणि 'बस' म्हणायचं. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही, इतकं ते साधं आहे. शिवाय सकाळी लवकर पाऊण तास फिरवणं आणि तेही मनसोक्त हुंगू देत. अंगातली रग बाहेर जिरली नाही तर ती घरात निघणारच.

पहिल्या आठवड्यात उड्या कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. इथेच बहुतेक लोक हात टेकतात आणि शेपटाची म्हण काढतात. पण हे असंच होतं. नेहमीचं बटण दाबून दिवा लागला नाही तर आपणही आधी चार वेळा खटखट करतो, मग सोडतो. त्या आठवड्यात दया येऊन एकदा जरी लाड केले तर सगळं मुसळ केरात.

सगळ्यात अवघड गेलं ते माणसांना शिकवणं. शेरूपेक्षा माझे काकाजी जास्त हट्टी निघाले. "येऊ दे रे, मले चालते," म्हणत ते त्याला अंगावर घ्यायचे. शेवटी आईने त्यांना दारातच सांगितलं, "तुम्हाले चालते, मले नाही चालत. मी पडली तर तुम्ही येता का उचलाले?" त्या दिवसापासून काकाजी हाताची घडी घालून आत येतात.

एवढा वेळ कोणाला आहे, असं विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे. वेळ नव्हता तर पिल्लू आणलंत कशाला? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात जनावराला मारणं, लाथाडणं आणि आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा म्हटला आहे. पहिल्या गुन्ह्याला कायद्यात लिहिलेला दंड दहा ते पन्नास रुपये! म्हणजे कायद्याच्या धाकाने काही होणार नाही. जे काय करायचं ते घरातल्यांनीच.

शेरू आता अगदी साधू झालाय असं नाही. मुलगा शाळेतून आला की अजून त्याचे पुढचे पाय उचलतात, मग आठवतं आणि तो धपकन खाली बसतो, शेपटाने फरशी झाडत. दिवाळीत आई फराळाची ताटं घेऊन घरभर फिरली. शेपूट वाकडंच आहे अजून. आम्ही ते सरळ करायच्या भानगडीत पडलोच नाही.

त्या छपरीतल्या कुत्र्याचं मात्र काय करावं ते सुचत नाही. काल त्याच्या मालकांना म्हटलं, सकाळी मी शेरूला नेतोच, ह्यालाही सोबत नेऊ का? ते हसले. पण नाही म्हणाले नाहीत. उद्या परत विचारणार आहे.